हेन्री पर्सी, नॉर्थंबरलंडचा नववा अर्ल

पर्सी, हेन्री : (२७ एप्रिल १५६४ – ५ नोव्हेंबर १६३२). इंग्लंडच्या उत्तर सरहद्दीवरील पर्सी या बलाढ्य घराण्याचा प्रमुख, विद्वानांचा आश्रयदाता आणि जवळपास सोळा वर्षे ‘टॉवर ऑफ लंडन’मध्ये काढलेला राजबंदी. गणित, खगोल आणि रसायनाच्या नादामुळे तो ‘जादूगार अर्ल’ (अर्ल ही इंग्लंडमधील सरदारकीची पदवी) म्हणून ओळखला गेला. त्याच्या आयुष्यातले बहुतेक चढउतार मात्र ग्रंथांमुळे नव्हे, नातेवाइकांमुळे आले.

टाइनमथच्या किल्ल्यात त्याचा जन्म झाला. चुलता टॉमस, सातवा अर्ल, याने १५६९ मध्ये एलिझाबेथ राणीविरुद्ध कॅथलिकांचे बंड उभारले आणि १५७२ मध्ये यॉर्कला त्याचा शिरच्छेद झाला. त्या बंडात राणीच्या बाजूने राहिलेल्या धाकट्या भावाकडे, म्हणजे हेन्रीच्या वडिलांकडे, अर्लपद आले. पण पुढे तोही संशयात सापडला आणि जून १५८५ मध्ये टॉवरमधील कोठडीत छातीत गोळी लागून मेलेला आढळला. चौकशीत आत्महत्या ठरली. अनेकांचा त्यावर विश्वास बसला नाही. एकविसाव्या वर्षी हेन्री अर्ल झाला तो असा.

१५९४ मध्ये त्याने डॉरथी डेव्हरू हिच्याशी लग्न केले. राणीचा लाडका अर्ल ऑफ एसेक्स हा तिचा भाऊ. ती विधवा होती. पहिले लग्न तिने राणीला न विचारता केले होते. दोघांचे फारसे जमत नसे, काही काळ ती वेगळीही राहिली. पण नवरा कैदेत पडल्यावर त्याच्या सुटकेसाठी, एलिझाबेथनंतर गादीवर आलेल्या जेम्स राजाचे उंबरठे झिजवले ते तिनेच. लंडनजवळचा सायन हाउस या घराण्याकडे आला तोही या लग्नामुळे. गणितज्ञ टॉमस हॅरियट अर्लच्या पगारावर तिथेच राहत असे. १६०९ च्या जुलैत त्याने दुर्बिणीतून पाहून चंद्राचे चित्र काढले, गॅलिलिओच्या चंद्रचित्रांच्या काही महिने आधी.

तोवर अर्ल स्वतः टॉवरमध्ये होता. त्याचा भाऊबंद आणि जमाबंदी पाहणारा कारभारी टॉमस पर्सी हा राजासह पार्लमेंट उडवून देण्याच्या १६०५ च्या दारूगोळा कटातील एक सूत्रधार. लॉर्ड्सच्या सभागृहाखालील तळघर याच्याच नावे भाड्याने घेतलेले होते आणि ४ नोव्हेंबरला तो सायनला येऊन अर्लबरोबर जेवला होता. शिवाय राजाच्या खास रक्षकदलात अर्लनेच त्याला भरती केले होते, तेही राजनिष्ठेची सक्तीची शपथ न देता. अर्लला कटाची माहिती होती की नाही हे एकटा टॉमस सांगू शकला असता. तो ८ नोव्हेंबरला पाठलागात गोळी लागून मेला. राजाची कुंडली मांडल्याच्या संशयावरून हॅरियटलाही पकडून खोदून खोदून विचारण्यात आले. कटातील सहभाग अखेरपर्यंत सिद्ध झाला नाही, तरी स्टार चेंबर न्यायालयाने जून १६०६ मध्ये ३०,००० पौंड दंड आणि जन्मठेप ठोठावली. शिक्षा पुराव्यापेक्षा आडनावाला झाली, असे म्हणायला जागा आहे.

कैद मात्र अर्लच्या ऐपतीला साजेशी होती. मार्टिन टॉवरमध्ये त्याने ग्रंथ मागवले आणि अर्क काढण्याच्या भट्ट्यांवर प्रयोग केले. हॅरियट, वॉल्टर वॉर्नर आणि रॉबर्ट ह्यूज हे त्याचे पोसलेले पंडित. दर्यावर्दी वॉल्टर रॅलेही त्याच आवारात कैदी होता. थोरल्या मुलाला, अॅल्जरननला, त्याने जवळ ठेवून शिकवले आणि त्याच्यासाठी उपदेशपर लेखनही केले.

धाकटी मुलगी ल्यूसी हिने राजाच्या मर्जीतल्या जेम्स हे या स्कॉटिश सरदाराशी लग्न करायचे ठरवले तेव्हा बापाचा संताप अनावर झाला. पर्सींच्या लेकीने स्कॉटिश नाच नाचलेले आपल्याला खपणार नाही, असे तो म्हणाल्याचे सांगतात. १६१७ मध्ये लग्न झालेच. आणि १६२१ मध्ये अर्ल सुटला तो याच नकोशा जावयाच्या वशिल्याने. पेटवर्थच्या वाड्यापासून तीस मैलांच्या आत राहण्याची अट होती. तिथेच, कट उघडकीस आला त्या ५ नोव्हेंबरच्या वार्षिक दिनी, तो वारला.

१६४२ मध्ये पार्लमेंटच्या पाच सभासदांना पकडायला चार्ल्स राजा निघाला तेव्हा आगाऊ खबर देणारी हीच ल्यूसी, असे मानले जाते. दहावा अर्ल अॅल्जरनन यादवी युद्धात पार्लमेंटकडून राहिला. राजाची मुले काही काळ त्याच्याच ताब्यात होती. १६७० मध्ये अकराव्या अर्लबरोबर पुरुषवंश संपला. पुढे मुलीकडून चाललेल्या शाखेने पर्सी हेच नाव लावले आणि १७६६ मध्ये तिला नॉर्थंबरलंडची ड्यूकपदवी मिळाली. सायन हाउस आजही त्यांच्याकडेच आहे.