एमआरआयमध्ये मज्जारज्जूवर पांढरा डाग कुठून येतो?

रिपोर्टमध्ये ‘कॉर्डमध्ये टी-टू हायपरइंटेन्सिटी’ (म्हणजे मज्जारज्जूवर पांढरा डाग) असं वाचलं की घरचे घाबरतात आणि मग कुणीतरी हमखास सांगतं की एमआरआयचं रेडिएशन फार वाईट, परत काढू नका. अहो, रेडिएशन एक्स-रे आणि सीटीत असतं. इथे फक्त चुंबक आणि रेडिओलहरी (पेसमेकर किंवा अंगात धातू असेल तर आधी सांगायचं, ती गोष्ट वेगळी).

आता माझा आवडता भाग. पाण्यातल्या हायड्रोजनचा प्रोटॉन म्हणजे इवलासा चुंबक, १.५ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) मशीनमध्ये तो सेकंदाला जवळपास ६.४ कोटी गिरक्या घेतो. त्याच फ्रीक्वेन्सीची रेडिओलहर सोडली की सगळे प्रोटॉन एका तालात येतात आणि त्यांचा एकत्रित सिग्नल पकडता येतो. लहर थांबली की ताल बिघडत जातो, तो किती वेळात बिघडतो ते म्हणजे टी-टू. लेझीम पथकात शेजारचा एकच गडी सतत चिकटून ढकलत राहिला तर आपला ठेका लगेच चुकतो, पण शेजारी सारखे बदलत असतील, एक इकडून ढकलतो एक तिकडून, तर धक्के एकमेकांत जिरतात आणि ठेका टिकतो. मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात पाण्याचे रेणू मोकळे गरगरतात म्हणून तिथे ताल सेकंदभर किंवा जास्तही टिकतो, खुद्द मज्जारज्जूत मात्र पाणी पेशींच्या पडद्यांना अडखळत असतं, तिथे १०० मिलिसेकंदांच्या आतच बराचसा संपतो. मग मशीन मुद्दाम तेवढं थांबून ऐकतं, तोवर द्रवाचा सिग्नल जोरात असतो आणि मज्जारज्जूचा मंदावलेला. द्रव पांढरा, मज्जारज्जू करडा. आणि त्या करड्यात सूज आली किंवा नसांवरचं मायलिन नावाचं आवरण गेलं की मोकळं पाणी वाढतं, तोच पांढरा डाग!

नुसत्या डागावरून आजार ठरत नाही, आकार आणि जागा बघतात. मल्टिपल स्क्लेरोसिसचा (शरीराची प्रतिकारशक्तीच मायलिनवर उलटते तो आजार) डाग बहुधा दोन मणक्यांच्या उंचीपेक्षा छोटा, न्यूरोमायलायटिस ऑप्टिकाचा (डोळ्याची नस आणि मज्जारज्जू सुजवणारा आजार) अनेकदा तीन किंवा जास्त मणक्यांएवढा लांब. बी-१२ कमी पडलं तर मागच्या बाजूला, आडव्या कापात उलट्या इंग्रजी व्हीसारखा. मणक्याच्या टीबीत मणके, मधली गादी आणि पू मज्जारज्जूला दाबताना दिसतात, तेही एक्स-रेच्या बरंच आधी.

बाकी ते कंबरदुखीचे चुंबकीय पट्टे विकणारे... पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीसेक हजार पट ताकदीच्या मशीनमध्ये अर्धा तास झोपून कुणाची कंबर बरी होत नाही, तर पट्ट्याने काय होणार?

गादी सरकलीय म्हणूनही लगेच घाबरू नका. १९९४ च्या एका अमेरिकन अभ्यासात कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचा एमआरआय काढला, त्यातल्या ५२ टक्के लोकांत एखादी तरी गादी फुगलेली निघाली.

आणि मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, खाली नुसत्या नसांचा झुबका. त्यामुळे चालताना तोल जातोय, शर्टाची बटणं लावता येईनात, तर कमरेचा एमआरआय नॉर्मल आला तरी डॉक्टर मानेचा काढायला सांगतात, कारण दाब बऱ्याचदा तिथे असतो.