हिरवं कार्ड टाकीचं नसतं

"ग्रामपंचायतीला हिरवं कार्ड आहे, मग आमचं पाणी तपासायचं कशाला?" पवना, मुळशीकडच्या हंगामी कॅम्पवर हे हमखास ऐकू येतं. हा गैरसमज आहे. हे कार्ड म्हणजे गावाचा पाणीस्रोत कमी जोखमीचा असल्याची खूण; ते मिळतं पावसाळ्याआधी आणि नंतर होणाऱ्या स्वच्छता सर्वेक्षणावर: स्रोताभोवतीची घाण, गळती, टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) साठा वगैरे. तीन महिने बंद असलेल्या तुमच्या टाकीत कोणी डोकावलेलं नसतं.

आधी टाकी घासून गाळ काढा; गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. मग हजार लिटरला ३३ टक्के क्लोरीनची ताजी टीसीएल १५० ग्रॅम. (उघड्या पोत्यातली जुनी पावडर म्हणजे निव्वळ चुना.) बादलीत कालवा, साका बसू द्या, वरची निवळीच टाकीत ओता. प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, २४ तास ठेवा, सगळं पाणी काढून टाका.

टाकी पुन्हा भरून नेहमीचं क्लोरिनेशन केलं, की अर्ध्या तासाने शेवटच्या नळाला ओटी चाचणीत (ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पाण्याचा पिवळेपणा बघतात ती) किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन दिसायला हवा. प्रयोगशाळेत १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जिवाणू) आढळता कामा नये. अहवाल येईपर्यंत 'हे पाणी पिऊ नका' हा फलक नळावरच टांगा. ऑफिसच्या भिंतीवर नको. रात्री तंबूतून उठलेला माणूस तिकडे फिरकत नाही.