राहते घर आणि स्मारकाचा कायदा

ब्रिटनच्या 1913 च्या प्राचीन स्मारक कायद्यात एक गमतीशीर अपवाद होता. सरकार कोणत्या वास्तूंना सक्तीने संरक्षण देऊ शकते हे सांगताना त्यातून राहती घरे वगळली होती. तिथे फक्त पगारी राखणदार राहत असेल तर मात्र हरकत नव्हती. म्हणजे कुटुंब निघून गेले, किल्ल्या राखणदाराच्या कमरेला लागल्या, की घर स्मारक व्हायला पात्र. हा अपवाद 1979 च्या कायद्यानेही तसाच ठेवला. घराण्यांच्या जुन्या घरांचे जतन ज्या प्रश्नापाशी पुन्हा पुन्हा अडते, तो इथे कायद्याच्या भाषेत लिहिलेला आहे: वास्तू सगळ्यांची म्हणायची, पण आत कोणाचा तरी संसार चालू आहे, त्याचे काय?

कायदा इतका बिचकत होता याचे कारण उघड आहे. खासदार जॉन लबक यांनी प्राचीन अवशेष वाचवण्याचे विधेयक 1873 मध्ये मांडले, आणि खासगी मालकीत ढवळाढवळ नको म्हणून ते वर्षानुवर्षे फेटाळले गेले. संसदेत बसलेले बरेचसे लोक स्वतःच जमीनदार होते, हे विसरून चालणार नाही. 1882 मध्ये कायदा झाला तोही मुख्यतः प्रागैतिहासिक दगडी वर्तुळांसाठी आणि थडग्यांसाठी, आणि मालकाची राजीखुशी असेल तरच. फ्रान्समध्ये लेखक व्हिक्टर ह्यूगोने 1832 मध्येच बजावले होते की इमारतीचा वापर मालकाचा असला तरी तिचे सौंदर्य सर्वांचे असते. ते कायद्यात उतरायला तिथेही 1913 उजाडले. त्या वर्षीपासून मालकाचा नकार असला तरी खासगी वास्तू संरक्षित घोषित करता येऊ लागली.

अमेरिकेत सुरुवातच घरापासून झाली. 1850 मध्ये न्यूयॉर्क राज्याने न्यूबर्ग इथले हॅसब्रूक कुटुंबाचे दगडी घर ताब्यात घेतले, कारण स्वातंत्र्ययुद्धात तिथे जॉर्ज वॉशिंग्टनचा मुक्काम होता. त्याचे स्वतःचे माउंट व्हर्नन मात्र घराण्यातल्या वंशजाला सांभाळणे जड जात होते. त्याने ते आधी सरकारला देऊ केले. केंद्राने घेतले नाही, व्हर्जिनिया राज्यानेही नाही. शेवटी अ‍ॅन पामेला कनिंगहॅम यांनी स्त्रियांची संस्था उभारली, देशभर वर्गणी गोळा केली आणि 1858 मध्ये 2 लाख डॉलरना व्यवहार ठरवला. ते घर आजही त्याच संस्थेकडे आहे. काम मोठेच, पण त्यातून पडलेला पायंडा मला तितकासा चांगला वाटत नाही. थोर पुरुषाचे घर घ्यायचे, त्याच्या हयातीतल्या एका काळावर घड्याळ थांबवायचे, दोर बांधून लोकांना लांबून दाखवायचे. नंतरच्या पिढ्यांनी केलेले फेरफार खरवडून टाकायचे. आणि ज्यांच्या कष्टावर ती जागीर चालली त्या गुलामांच्या खोल्यांबद्दल कितीतरी दशके फारसे बोलायचेच नाही.

इंग्लंडमधली गोष्ट वेगळी, आणि तिच्या मुळाशी पैसा आहे. तिथली मोठी घरे जमिनीच्या खंडावर उभी होती. 1870 नंतर अमेरिकेचे स्वस्त धान्य बाजारात आले आणि खंड घसरला. 1894 मध्ये मृत्युकराची, म्हणजे मालक वारल्यावर त्याच्या मालमत्तेवर बसणाऱ्या कराची, नवी आकारणी आली. सर्वांत मोठ्या मालमत्तांवर तेव्हा दर होता 8 टक्के. 1919 मध्ये तो 40 टक्के झाला, दुसऱ्या महायुद्धानंतर 80 टक्के. पहिल्या महायुद्धात वडील आणि वारस पाठोपाठ गेले की त्याच इस्टेटीवर कर पुन्हा बसायचा अशी वेळ काही घराण्यांवर आली. थोरल्याला सगळे देण्याच्या रिवाजामुळे घर अखंड राहिले होते, पण आता त्या एकट्याच्या डोक्यावर सगळा बोजा आला. जमीन गेली, मग चित्रे गेली, मग छतावरचे शिसे उतरवून विकले गेले.

1934 मध्ये लॉर्ड लोथियन यांनी नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या सभेत ही घरे वाचवण्याची हाक दिली. त्यांना स्वतःला ब्लिकलिंग हॉल वारशाने मिळाला होता आणि त्यासोबत कराचे भले मोठे बिलही. 1895 मध्ये स्थापन झालेला ट्रस्ट तोवर प्रामुख्याने मोकळ्या जमिनी आणि लहान वास्तू सांभाळत होता. 1907 च्या कायद्याने त्याला मालमत्ता कायमची अविक्रेय ठरवण्याचा अधिकार होता. 1937 मध्ये नवा कायदा झाला आणि त्यातून एक सौदा आकाराला आला. मालकाने घर आणि देखभालीसाठी निधी ट्रस्टला द्यायचा, मृत्युकर टळायचा, लोकांना घर पाहायला मिळायचे आणि कुटुंब तिथेच भाडेकरू म्हणून राहायचे. पिढीजात मालक आपल्याच घरात भाडेकरू! 1940 मध्ये लोथियन वारले आणि ब्लिकलिंग ट्रस्टकडे आले.

पण निधीची अट पुरी करणे किती जणांना जमणार? युद्धात सरकारने सैन्यासाठी, शाळांसाठी घेतलेली घरे मोडकळीस आलेल्या अवस्थेत परत मिळाली आणि 1950 च्या दशकात पाडापाडीने कळस गाठला. 1947 च्या नगररचना कायद्याने जपण्याजोग्या इमारतींची सूची करणे सरकारवर बंधनकारक झाले होते, तरी सूचीतली इमारत पाडायला 1968 पर्यंत आधी नोटीस देणे पुरत असे. रीतसर परवानगीची सक्ती त्यानंतरची. दरम्यान 1950 मध्ये सर अर्नेस्ट गॉवर्स यांच्या समितीने अहवाल दिला. त्यातला मुद्दा साधा होता: अशा घराचा सर्वांत चांगला आणि स्वस्त राखणदार म्हणजे त्यात राहणारा मालकच. 1953 पासून दुरुस्तीला अनुदाने सुरू झाली. 1913 चा कायदा ज्याला बाहेर काढून मगच आत येत होता, त्यालाच आता पैसे देऊन आत ठेवायचे ठरले.

काहींनी वाट न पाहता दारे उघडली. लॉन्गलीट हे घर 1949 मध्ये तिकीट लावून खुले झाले आणि 1966 मध्ये त्याच्या आवारात सिंह आले. नाके मुरडली गेली, पण छत गळायचे थांबले. चॅट्सवर्थ या घराच्या मालक ड्यूकने मालमत्ता मुलाच्या नावे केली होती. त्यानंतर ते पाच वर्षे जगले असते तर कर लागला नसता. ते 1950 मध्ये काही आठवडे आधी वारले, आणि कर चुकवता करता हार्डविक हॉलसारखे दुसरे घर आणि कित्येक कलाकृती सोडाव्या लागल्या. 1974 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने नामशेष झालेल्या घरांचे प्रदर्शन भरवले. ध्वनिमुद्रित आवाज त्यांची नावे एकामागून एक वाचत राही. लोकमत त्या प्रदर्शनाने बरेच हलले.

जिथे सगळ्या मुलांना वाटा मिळतो तिथे घर कराने कमी आणि वाटण्यांनी जास्त मरते. हक्क सगळ्यांचा, कौले चाळायला कोणीच नाही. नातेवाइकांमधल्या अशा घोळावर वारसा कायद्यांकडे आजही चांगला उपाय नाही. सूचीत नाव घातल्याने पाडकाम अडते, सहहिस्सेदारांचे एकमत होत नाही.

जपानच्या शिराकावा-गो गावाचे उदाहरण म्हणूनच मला जास्त मोलाचे वाटते. उतरत्या, जाड गवती छपरांची ती घरे ओस पडू लागली तेव्हा 1971 मध्ये गावकऱ्यांनीच संघटना करून तीन गोष्टी ठरवल्या: विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. एकेकट्या वास्तूऐवजी घरांच्या समूहाला संरक्षण देण्याची तरतूद जपानच्या कायद्यात 1975 मध्ये आली, आणि 1995 मध्ये हे गाव जागतिक वारसा यादीत गेले. छप्पर शाकारायला आजही गाव एकत्र येते. अर्थात पर्यटकांची रीघ लागली की परसदारी कपडे वाळत घालणेही अवघड होते. तो त्रास तिथल्या लोकांच्या वाट्याला आलाच.

दरम्यान, घर कोणाचे म्हणून दाखवायचे हेही बदलत गेले. वेल्समधले एर्डिग हे घर 1973 मध्ये ट्रस्टकडे आले. तिथल्या योर्क कुटुंबाने आपल्या नोकरांची चित्रे पिढ्यान्‌पिढ्या काढून घेतली होती, त्यामुळे तिथे पाहुण्यांना नोकरांच्या वाटेनेच आत नेले जाऊ लागले. न्यूयॉर्कमध्ये 1988 मध्ये स्थापन झालेल्या संग्रहालयाने तर 97, ऑर्चर्ड स्ट्रीट ही 1863 ची भाड्याच्या खोल्यांची इमारत निवडली. तिथे राहून गेलेली स्थलांतरित कुटुंबे नावगाव नसलेली, साधी होती.

2020 मध्ये नॅशनल ट्रस्टने आपल्या मालमत्तांचा वसाहतवादाशी आणि गुलामगिरीशी असलेला संबंध तपासून अहवाल काढला. त्यात 93 ठिकाणे होती, आणि विन्स्टन चर्चिल यांचे चार्टवेल त्यात आल्याने मोठा गदारोळ झाला. तक्रारी धर्मादाय आयोगापर्यंत गेल्या. 2021 मध्ये आयोगाने निर्वाळा दिला की ट्रस्टने कोणताही नियम मोडलेला नाही.