फुप्फुसाच्या कर्करोगातील गिळण्याचा त्रास

फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या काही रुग्णांना घास उतरेनासा होतो. अन्ननलिका ही सुमारे २५ सेंमी. लांबीची स्नायूंची नळी श्वासनलिकेला मागून खेटूनच खाली जाते. श्वासनलिकेला जिथे दोन फाटे फुटतात तिथल्या लसीका ग्रंथींत (लिम्फ नोड्समध्ये) कर्करोग पसरला, की त्या सुजून अन्ननलिकेला बाहेरून दाबतात. क्वचित मूळ गाठच तिच्या भिंतीत शिरते. आधी पोळी-भातासारखे घट्ट अन्न अडते, पुढे पातळ पदार्थही.

घास अडकण्याऐवजी पाणी पिताना ठसका लागत असेल आणि आवाजही बसला असेल, तर दोष बहुधा चेतेचा (मज्जातंतूचा, नर्व्हचा) असतो. डाव्या स्वरतंतूची चेता छातीत उतरून महाधमनीच्या कमानीला वळसा घालते व पुन्हा गळ्याकडे चढते. या वळणावर ती गाठीच्या तावडीत सापडते. स्वरतंतू नीट मिटत नाही आणि पाणी श्वासमार्गात जाते. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या लघुपेशी (स्मॉल सेल) प्रकारात तर कर्करोगाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे अन्ननलिकेच्या चेतापेशींवरच हल्ला करू शकतात. कधी कधी कर्करोगाचे निदान होण्याआधीच हा त्रास सुरू झालेला असतो.

उपचारांमुळे होणारा त्रास वेगळा ओळखायला हवा, कारण रुग्ण व घरचे त्याचा अर्थ अनेकदा ‘आजार वाढला’ असा लावतात. छातीवर किरणोपचार सुरू झाल्यावर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अन्ननलिकेचे अस्तर सुजते, गिळताना आग होते. सोबत केमोथेरपी असल्यास त्रास अधिक. उपचार संपल्यावर काही आठवड्यांत तो बहुधा ओसरतो; मात्र काहींची अन्ननलिका काही महिन्यांनी आकसते व ती दुर्बिणीच्या साहाय्याने रुंद करावी लागते. तोंडात व अन्ननलिकेत बुरशीचा संसर्ग झाला असेल, तर औषधाने लवकर आराम पडतो.

प्रत्येक घोटाला खोकला आणि वरचेवर न्यूमोनिया ही गंभीर लक्षणे. अन्ननलिका व श्वासमार्ग यांच्यात आरपार छिद्र (नाडीव्रण, फिस्टुला) तयार झाल्याची शंका घ्यावी. ते बंद करण्यासाठी अन्ननलिकेत आच्छादित स्टेंट (आवरण असलेली जाळीची नळी) बसवतात.

निदानासाठी सीटी स्कॅन, बेरियम हा क्ष-किरणांत दिसणारा पदार्थ पिऊन क्ष-किरण चित्रण आणि एंडोस्कोपी करतात. दाबामुळे आलेल्या अडथळ्यावर किरणोपचार किंवा स्टेंट, चेतेच्या दोषात गिळण्याचे प्रशिक्षण व दाट केलेली पेये, तर तोंडाने पुरेसे अन्न जात नसल्यास नाकातून किंवा पोटावरून नळी, असे उपाय आहेत. गाठ श्वासनलिकेलाही दाबत असेल, तर अन्ननलिकेत स्टेंट घालण्यापूर्वी श्वासमार्ग तपासतात. फुगलेल्या स्टेंटच्या दाबाने तो आणखी अरुंद होण्याचा धोका असतो.