बिळात घुसणारा कुत्रा आणि पट्ट्याच्या या टोकाला आपण

टेरियर हे नाव आलंय 'टेरा' म्हणजे जमीन या लॅटिन शब्दावरून. उंदीर, कोल्हे, बॅजर (बिळात राहणारा एक प्राणी) यांना बिळातून हुसकावणं हे या कुत्र्यांचं मूळ काम, आणि अंधाऱ्या बिळात मालक काही मागून सूचना देत बसत नाही, काय करायचं ते कुत्र्याचं त्यालाच ठरवावं लागायचं. म्हणून माणसांनी पिढ्यानपिढ्या निवडून निवडून असाच कुत्रा तयार केला जो एकदा मागे लागला की माघार घेत नाही. आणि आता त्यालाच फिरायला नेऊन आपण "ये ये ये" करत घसा कोरडा करतो!

आमचा जॅक रसेल (हीही टेरियरचीच एक जात) घरात बिस्किटाच्या पुड्याचा आवाज तीन खोल्यांपलीकडून ऐकतो, बाहेर खार दिसली की ठार बहिरा. यात उद्धटपणा काही नाही, पळणारी वस्तू दिसली की पाठलाग हा त्याच्यात उपजतच आहे. हाकेला परत यायची सवय जरूर लावा पण रस्त्याजवळ तिच्या भरवशावर पट्टा सोडू नका, मोकळ्या जागेत हवं तर लांब दोरी वापरा.

पट्टा गळ्यात नको, हार्नेस घ्या, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा. यॉर्कशायर टेरियरमध्ये श्वासनलिकेच्या कूर्चा मऊ पडून नळी चपटी होण्याचा आजार बऱ्यापैकी दिसतो, गळ्याला हिसके बसले की हंस ओरडल्यासारखा खोकला सुरू होतो. शिवाय कुत्रा गळपट्टा ओढतो तेव्हा डोळ्यातला दाब वाढतो, हार्नेसने तसा वाढत नाही, हे मोजून बघितलेलं आहे. टेरियरच्या बऱ्याच जातींत डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकण्याचा आनुवंशिक आजार असतो, त्यामुळे डोळा अचानक लाल झाला किंवा दुखतोय असं वाटलं तर उद्या बघू म्हणू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पण मला खरी भीती वाटते ती उन्हाची. उष्माघात म्हटलं की बंद गाडीत राहिलेला कुत्रा डोळ्यासमोर येतो, पण ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदींचा २०२० साली एक अभ्यास आला, त्यात उष्णतेच्या आजाराच्या साधारण तीन चतुर्थांश केसेस या व्यायामामुळे झालेल्या होत्या, म्हणजे चालणं, पळणं, बॉल खेळणं, आणि गाडीतल्या जेमतेम ५ टक्के. कुत्र्याचं नॉर्मल तापमान ३८.३ ते ३९.२ अंश, ते ४१ च्या वर गेलं की जिवावर बेततं. आपल्यासारखा अंगभर घाम त्याला येत नाही, सगळी भिस्त धापा टाकण्यावर, आणि टेरियर तर दमला तरी बॉल आणून परत पायाशी ठेवतोच, त्यामुळे खेळ थांबवायचं काम आपलं. त्यात ठेंगणा असला की पोट तापलेल्या रस्त्यापासून वीतभर वर, म्हणजे वरून ऊन आणि खालून धग. हाताची मागची बाजू रस्त्यावर ५-७ सेकंद ठेवून बघा, चटका बसला तर घरी चला. जीभ गडद लाल, दाट लाळ, झोकांड्या असं काही दिसलं तर आधी सावलीत नेऊन अंगावर भरपूर गार पाणी ओता, मगच दवाखान्याकडे पळा, कारण जितका वेळ तो तापलेला राहतो तितकी आतल्या अवयवांची वाट लागते. पांढऱ्या बुल टेरियरला तर नाकाला, कानाला, पोटाला ऊन भाजतं आणि पुढे त्वचेचा कॅन्सरही होऊ शकतो.

बाकीचे धोके पण जमिनीतूनच येतात. उंदीर मुततात त्या डबक्यात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे) जंतू असतात, आणि टेरियरला नेमकं तेच डबकं आवडतं, म्हणून दरवर्षीची लस चुकवू नका (लेप्टो माणसालाही होतो). गवतातून आल्यावर कान, काखा, बोटांच्या बेचक्या चाचपून बघा. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल नको, पेटती काडी लावणं तर अजिबात नको. कुसळं बोटांमध्ये घुसून पू होतो तेही तेव्हाच सापडतं. वेस्टीला (वेस्ट हायलँड व्हाइट टेरियरला) ॲलर्जीची खाज फार, त्याचे पंजे आल्याआल्या धुवा आणि नीट कोरडे करा.

स्कॉटिश टेरियरवाल्यांसाठी वेगळं. या जातीत मूत्राशयाचा कॅन्सर इतर कुत्र्यांपेक्षा खूपच जास्त होतो, आणि २००४ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांना तणनाशक मारलेल्या लॉनवर वावरणाऱ्या स्कॉटींमध्ये तो आणखी जास्त आढळला. हा फक्त संबंध दिसलाय, कारण सिद्ध झालेलं नाही, पण फवारलेलं गवत टाळायला आपलं जातंय काय?

आणि खणायची हौस दाबू नका, दाबून दबत पण नाही. एका कोपऱ्यात वाळू टाकून तिच्यात खेळणं पुरून द्या, आमचा कुत्रा अर्धा तास तिथेच असतो, नाकापासून शेपटीपर्यंत वाळू.