ठाण्याचा आवाज, मुंबईची वारंवारिता

ठाणे आणि नवी मुंबई रेडिओच्या हिशेबात स्वतंत्र शहरं म्हणून धरलीच गेली नाहीत. २०११च्या जनगणनेत ठाण्याची लोकसंख्या १८ लाखांवर होती, नवी मुंबईची ११ लाखांवर. तरीही खासगी एफएमच्या लिलावात दोन्ही शहरं मुंबईच्या पोटातच राहिली. इथल्या चित्रकाराची, हौशी नाट्यसंस्था चालवणाऱ्याची, तलावांसाठी झटणाऱ्या माणसाची मुलाखत रेडिओवर उशिरा आणि तुरळक आली, त्याचं मूळ इथेच आहे.

२३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. तीन वर्षांत कंपनी बुडाली, सरकारने कारभार हाती घेतला आणि १९३६मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आलं. मराठी मुलाखतीला वळण लागलं ते आकाशवाणीतच. ‘वनिता मंडळ’, ‘कामगारांसाठी’ अशा कार्यक्रमांमुळे साहित्यिक-गायकांच्या पलीकडची माणसंही माइकसमोर आली.

पण बोलायला जायचं ते मुंबईला. आधी टपालाने कराराचा कागद यायचा: विषय, वेळ, मानधन. मग ठाण्याहून व्हीटीपर्यंत ३४ किलोमीटरचा लोकलप्रवास आणि तिथून मंत्रालयाजवळचं आकाशवाणी केंद्र. ध्वनिमुद्रण स्पूलवर, म्हणजे फितीच्या रिळावर, व्हायचं. नको असलेलं वाक्य काढायचं तर फीत हाताने मागेपुढे फिरवत नेमकी जागा शोधायची, तिथे पेन्सिलीने खूण करायची, ब्लेडने तिरका छेद द्यायचा आणि दोन्ही टोकं चिकटपट्टीने जोडायची. पाहुण्याचा श्वास अर्धवट कापला गेला तर ऐकणाऱ्याच्या कानाला लगेच खटकतं, म्हणून कापायचं ते श्वासाच्या आधी किंवा नंतर. समोरच्याचं बोलणं इतक्या बारकाईने ऐकण्याची ती सवय हाच आकाशवाणीचा खरा वारसा आहे, असं मला वाटतं. आज संगणकावर हे काम क्षणात होतं, पण कान तेवढाच तयार लागतो.

९ फेब्रुवारी १९९५ला सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला आणि सरकारी मक्तेदारीचा पाया हलला. २००१मध्ये बंगळूरला पहिलं खासगी एफएम केंद्र सुरू झालं, पाठोपाठ मुंबईतही केंद्रं आली. मात्र परवाना शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत होतं. ते पेलेना, तेव्हा २००५च्या धोरणात त्याऐवजी महसुलातला ४ टक्के वाटा ठरला. गाण्यांच्या स्वामित्वशुल्कावरून वेगळीच भांडणं चालू होती. स्वतःच्या बातम्या द्यायला मनाई, गाणी सगळीकडे तीच. मग केंद्राचं स्वतःचं म्हणावं असं उरतं काय? निवेदकाचं बोलणं आणि शहरातली माणसं. स्थानिक मुलाखतींना जागा मिळाली ती या अडचणीतून, आणि तीही मुंबईच्या मोठ्या नावांनंतर जे काही उरेल तेवढीच.

खरी वाट सामुदायिक रेडिओची, म्हणजे संस्थेने आपल्या परिसरापुरतं चालवलेल्या छोट्या केंद्राची होती. २००२मध्ये शिक्षणसंस्थांना आणि नोव्हेंबर २००६पासून स्वयंसेवी संस्थांनाही परवाने खुले झाले. १०० वॉटची मर्यादा, किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक, जाहिराती तेव्हा तासाला ५ मिनिटं. माणदेशात म्हसवडला असं केंद्र उभं राहिलं, मुंबई विद्यापीठानेही आपलं सुरू केलं. ठाणे-बेलापूर पट्ट्याला तर हे माप अंगासरशी बसणारं आहे. सिडकोने १९७०नंतर जिथे शहर वसवलं, तिथे आगरी-कोळी गावं आधीपासून नांदत होती. लग्नात धवले गाणारी धवलारीण या गावांत अजून भेटते. तिची मुलाखत दोन जाहिरातींमधल्या चार मिनिटांत उरकता येत नाही. धवला विधीबरोबर पुढे सरकतो. तिला अख्खं कडवं गाऊ द्यावं लागतं, मग थांबून विचारावं लागतं की हे नेमकं कुठल्या वेळी म्हणतात.

आता परवान्याशिवायही हे जमतं. फोनवर मुद्रण करायचं, इंटरनेट रेडिओवर किंवा पॉडकास्ट म्हणून सोडायचं. लहरींची टंचाई संपली. जपणुकीचा प्रश्न मात्र जुनाच आहे. आकाशवाणीत स्पूल महाग म्हणून कितीतरी मुलाखती पुसून त्यांच्यावर नवं मुद्रण झालं; आज फोन बदलला किंवा संकेतस्थळाचं शुल्क थकलं की तेच होतं. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाने १८९३पासून छापील मराठी सांभाळलं आहे. शहराच्या आवाजांसाठीही तसा एक कप्पा कुठल्या तरी वाचनालयाने आता उघडायला हवा, धवलारणी गात्या आहेत तोवर.