देवाच्या पेटीतली जर: गोव्यातील जरीवस्त्रांची पार्श्वभूमी

नवरात्रात अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंडा भागातल्या, देवळांत मखरोत्सव सुरू होतो. कीर्तन आटोपते, वाजप चढत जाते आणि सजवलेल्या मखरात बसलेली देवी संथ लयीत झुलू लागते. समयांच्या उजेडात तिच्या शालूची जर लखलखते आणि सभामंडपातल्या शेवटच्या माणसालाही ती दिसते. या झळाळीला मोठा इतिहास आहे. मात्र त्यातला फार थोडा गोव्याच्या मागावर घडला. गोव्याचा माग सुताचा. कुणबी बायकांचे तांबडे, चौकड्यांचे कापड हे त्याचे खरे वैभव. जरीचे वस्त्र इथे आले ते समुद्रावरून आणि घाट उतरून. देवळांनी आणि चर्चनी ते जपले, म्हणून त्यातले थोडे तरी राहिले.

जर हे मुळात धातूचे काम आहे. चांदीची कांब घ्यायची, तिच्यावर सोन्याचा पातळ पत्रा चढवायचा, तापवून तो एकजीव करायचा आणि मग ती कांब पोलादी पट्टीच्या एकाहून एक बारीक भोकांतून ओढत न्यायची. चांदी लांबते तसे सोनेही तिच्यासोबत लांबत जाते. केसासारखी तार उरली तरी तिच्यावरचा सोन्याचा मुलामा अखंड असतो. हे काम करणारे ते तारकस. तार ठोकून चपटी केली की तो बादला, आणि बादला रेशमाच्या धाग्यावर गुंडाळला की कलाबतू. सोनेरी जरीच्या पोटात पिवळे रेशीम घालत, म्हणजे फटीतून दिसले तरी डोळ्याला खुपू नये. सुरत या धंद्याचे मोठे केंद्र होते आणि आजही आहे.

ताण्याबाण्याच्या, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांच्या, साध्या विणीत कलाबतू जादा बाणा म्हणून घातला की फुले, वेली, पक्षी उमटतात. सगळी जमीनच, म्हणजे नक्षीमागची पार्श्वभूमी, जरीने भरली आणि रेशीम जेमतेम नक्षीपुरते उरले की तो किनखाप. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त अशा सोनेरी कापडांची किमतींसह यादी दिली आहे. लाहोर, आग्रा, फत्तेपूर आणि अहमदाबाद इथल्या कारखान्यांतल्या कारागिरांबद्दलही त्याने लिहिले आहे. कार्डांची साखळी लावून नक्षी काढणारा जॅकार्डचा माग फ्रान्समध्ये आला १८०४ मध्ये. त्याआधी संपूर्ण नक्षी दोऱ्यांच्या गाठींत बांधून मागावर टांगलेली असे. विणकराच्या प्रत्येक बाण्यासाठी कोणीतरी नेमके दोरे वर ओढायचे, मग विणकराने कलाबतू घालायचा. एका फुलामागे किती हात हलले असतील, याचा अंदाज यावरून करावा.

हे कापड गोव्यात कसे पोचले? १५१० मध्ये अफोन्सो द अल्बुकर्कने गोवा घेतला, त्याआधीच हे बंदर अरबी घोड्यांच्या व्यापारासाठी नावाजलेले होते. पोर्तुगीज काळात खंबायतहून व्यापारी गलबतांचे तांडे आरमाराच्या संरक्षणात गोव्याला येत आणि त्यांत गुजरातचे कापड भरलेले असे. मकाववरून चिनी रेशीम येई. १५८३ ते १५८८ या काळात आर्चबिशपच्या पदरी राहिलेला डच माणूस यान हौखन व्हान लिन्सखोटेन जुन्या गोव्याच्या मुख्य रस्त्यावर रोज सकाळी भरणाऱ्या लिलावाचे वर्णन करतो. घोडे, गुलाम, जवाहीर, कापड, सगळे एकाच रस्त्यावर बोलीला निघे. त्या बाजारातला माणसांचा सौदा डोळ्यांआड करून नुसत्या रेशमाचे कौतुक करणे मला जमत नाही. दोन्ही एकाच पैशावर चालत होते.

त्यातले बरेच रेशीम चर्चच्या वेदीपर्यंत गेले. पाद्रींचे मिस्सेचे झगे, वेदीवरची आच्छादने, मिरवणुकीतली छत्रे यांसाठी जरीचे कापड आणि सोन्याच्या धाग्याचे भरतकाम लागे. युरोपचे आराखडे, चीनचे रेशीम आणि हिंदुस्थानी हात असा संगम त्यांत झाला. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या वास्तूत असलेल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात असे झगे पाहायला मिळतात. बॉम जेझुस बासिलिकाच्या कहाणीतही एक कापड आहे. सेंट फ्रान्सिस झेवियरच्या मस्तकाखालची रेशमी उशी तुस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याला भेट गेली. त्याच्या कृतज्ञतेपोटी त्याने संगमरवरी समाधी घडवून पाठवली. ती १६९८ मध्ये गोव्यात उभी राहिली. ख्रिस्ती घरांत जर शिरली ती पानो-बाजूवर. मांडो हे गोव्याचे पारंपरिक नाचगाणे नाचताना बायका हा पेहराव करतात आणि त्याच्या मखमली किंवा रेशमी कापडावर सोनेरी नक्षी असते.

हिंदू बाजूची कथा नदीपलीकडची आहे. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि सासष्टीतली देवळे पाडली गेली. भक्तांनी देव उचलले आणि पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर नेले. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा हे फोंडा भागात आले. अशा पळापळीत मूर्ती हलवल्या गेल्या; उंची वस्त्रांपैकी फार काही सोबत आले असेल असे वाटत नाही. नवे वैभव आले ते अठराव्या शतकात, मराठी राज्याच्या वाटेने. कवळ्याचे शांतादुर्गेचे आजचे देऊळ १७३८ च्या सुमारास शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने उभे राहिले. मंगेशीला पेशव्यांचे सरदार रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या खटपटीने १७३९ मध्ये गाव इनाम मिळाले. सातारा आणि पुण्याचा दरबारी शिष्टाचारच वस्त्रांवर चालणारा. मान द्यायचा तर पोशाख, शिरपाव द्यायचा. खुद्द निशाणही जरीपटका. तिथल्या माणसांनी कुलदेवीला नेसवले ते त्यांच्या जगातले सर्वांत मानाचे कापड, पैठणी आणि शालू.

पैठणी हाताशी असेल तर पदर उलटा करून पाहावा. किनखापाच्या किंवा बनारसी शालूच्या मागच्या बाजूला बहुधा सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात, कारण जादा बाणा एका फुलाकडून दुसऱ्याकडे उडी मारून जातो. पैठणीच्या पदरात तसे काही नाही. तिथे रंगीत रेशमाच्या छोट्या छोट्या कांड्या घेऊन विणकर प्रत्येक रंग त्याच्या हद्दीपुरताच विणतो आणि हद्दीवर शेजारच्या रंगात गुंतवून मागे फिरतो. जमिनीत मात्र जर असते. त्यामुळे मोर, कोयरी, असावली (फुलवेलीची नक्षी) दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. थोरल्या माधवरावांच्या काळच्या पत्रव्यवहारात असावली दुपट्ट्यांची मागणी लाल, हिरवा, केशरी, डाळिंबी, गुलाबी अशा रंगांच्या तपशिलासह येते. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तोवर तिचे बहुतेक माग पैठणहून अधिक येवल्यात चालत होते.

आता या इतिहासातली दुःखाची बाजू. खऱ्या जरीचा घात तिच्यातल्या चांदीनेच केला. रेशीम विरले, घडीवर चिरले की जुने जरीकाठ विकत घेणारे दारात येत. ते कापड जाळून राखेतून धातू काढला जाई. आजीच्या शालूचे पैसे व्हायचे ते वजनावर. पदरातल्या नक्षीला किंमत शून्य. अशा रीतीने किती घरांतली विणकामे भट्टीत गेली, याची मोजदाद कधीच होणार नाही. देवाला वाहिलेले वस्त्र मोडीत काढायला माणूस कचरतो, म्हणून देवळांच्या पेट्यांत थोडे टिकले. पण तिथेही दिव्याची काजळी, तेल, चंदन आणि पावसाळ्याची दमट हवा असतेच. शिवाय आज ओटीत येतात त्या साड्यांपैकी बहुतेकांची जर प्लास्टिकच्या चकचकीत पट्टीची असते. त्या साड्या पावणीत, म्हणजे देवळातल्या लिलावात, भक्तांकडे परत जातात. ही प्रथा चांगली आहे, पण त्या ढिगात एखादे जुने, खरे वस्त्र गेले तर कोणाला कळणार? दागिने जसे वजन करून, वर्णन लिहून नोंदवतात, तशीच वस्त्रांची नोंद छायाचित्रांसह प्रत्येक देवस्थानाने करावी, असे मला मनापासून वाटते.

जुनी जर ओळखायला घडीची रेघ पाहावी. तिथे सोन्याचा मुलामा आधी झिजतो, खालची चांदी उघडी पडते आणि काळवंडते. हा काळेपणा चिंच किंवा पावडर लावून घासू नये. उरलेले सोनेही त्यात जाते. वस्त्र घडी न करता धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवावे. गुंडाळणे शक्य नसेल तर दर दोन-तीन महिन्यांनी घडीची जागा बदलावी. अत्तर आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत. गोव्याच्या पावसाळ्यात पेटी उघडण्याची घाई करू नये. ऊन पडून हवा कोरडी झाली की सावलीत वारा द्यावा.